पाटी कोणासाठी लावली होती? अकलूजच्या रस्त्यावरचं एक हॉटेल आणि त्याचं निऑन



‘एका हॉटेलच्या पाटीवर पीएचडी होते का गं?’ सेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं परवा विचारलं. होत नाही. पण एक प्रकरण होतं, आणि ते लिहिताना मी जेवढं शिकले तेवढं बाकीच्या चार प्रकरणांनी शिकवलं नाही. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या पायरीवर आहात, म्हणून आज त्या पाटीचीच गोष्ट सांगते. तिच्यात माझी एक ढोबळ चूकही आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

माझा विषय रस्त्याकाठची हॉटेलं आणि त्यांची गिऱ्हाइकं. प्रदेश सोलापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे नीरा नदीच्या काठचं अकलूज आणि आसपासचा माळशिरस तालुका. त्यात अकलूजकडे जाणाऱ्या एका रस्त्यावरचं जुनं हॉटेल मी नमुना म्हणून निवडलं. त्याचं नाव मी इथे देणार नाही, स्थापनेचं सालही नाही. मालकांना तसा शब्द दिलाय. आपण त्यांना अण्णा म्हणू.

आधी माझी चूक

अण्णांच्या हॉटेलवर एक पाटी होती. वाकवलेल्या काचेच्या नळ्यांची, लाल अक्षरांत हॉटेलचं नाव आणि खाली हिरव्यात ‘शुद्ध शाकाहारी’. मागच्या पत्र्यावर रंगानं ‘स्थापना’ आणि साल. मी अण्णांना विचारलं, ‘ही पाटी कधीची?’ ते म्हणाले, ‘पहिल्यापासूनच हाय की.’

झालं. विभागातल्या सेमिनारमध्ये मी छातीठोकपणे वाचलं, की स्थापनेपासून ही निऑन पाटी या रस्त्यावर झळकत आली आहे. पुरावे दोन: पाटीवरचं साल आणि मालकांची साक्ष. गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला. ‘त्या साली तिथे वीज होती का?’

मला माहीत नव्हतं. शोधावं असं सुचलंही नव्हतं. ‘शोधून सांगते’ म्हणून खाली बसले.

चूक कुठे झाली, ते पाहा. पाटीवरचं साल हॉटेलचं होतं, पाटीचं नव्हे. आणि अण्णांचं ‘पहिल्यापासून’ म्हणजे त्यांना आठवतं तेव्हापासून. ते गल्ल्यावर बसायला लागले तेव्हापासूनचा काळ त्यांच्या लेखी पहिला. खोटं कोणीच बोललं नव्हतं. दोन खऱ्या विधानांतून मी एक खोटं विधान तयार केलं होतं.

निऑन म्हणजे नेमकं काय

मॅडमच्या प्रश्नानंतर माझ्या लक्षात आलं, की ‘निऑन’ हा शब्दही मी न तपासताच वापरला होता. आपल्याकडे रात्री चमकणारी कुठलीही पाटी ‘निऑन’ होते. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली खरी निऑन. विल्यम रॅमझे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनला हा वायू शोधला. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या लांबलचक नळ्या पेटवून दाखवल्या, आणि पुढच्या दशकांत हा प्रकाश अमेरिकेच्या रस्त्यांवर पसरला. कारागीर काचेची नळी ज्योतीवर तापवून अक्षराच्या आकारात हातानं वाकवतो, दोन टोकांना इलेक्ट्रोड बसवतो, आतली हवा काढतो आणि थोडासा वायू भरतो. मग ट्रान्सफॉर्मरमधून काही हजार व्होल्टचा दाब दिला की नळी उजळते. नुसता निऑन नारिंगी-लाल दिसतो. निळा, हिरवा असे रंग हवे असतील तर आरगॉन आणि पाऱ्याची वाफ वापरतात, काचेला आतून लेप देतात किंवा काचच रंगीत घेतात. म्हणजे ‘हिरवं निऑन’ बऱ्याचदा निऑन नसतंच.

दुसरी ग्लो साइन. ॲक्रिलिकची पेटी आणि आत साध्या ट्यूबलाइट. आपल्या तालुक्यांच्या गावांत लोक ज्याला निऑन म्हणतात ती अनेकदा हीच असते. तिसरी म्हणजे आजची एलईडीची लवचीक पट्टी. ती मुद्दाम निऑनसारखी दिसेल अशी करतात, पण तिच्यात ना काच, ना वायू.

म्हणून मुलाखतीत कोणी ‘निऑन’ म्हणालं की तिथेच थांबा आणि वस्तू पाहायला मागा. वस्तू नसेल तर साधे प्रश्न विचारा. काच फुटायची का? खोक्यातून घूं घूं आवाज यायचा का? एक अक्षर गेलं की सगळी ओळ विझायची का? खऱ्या निऑनमध्ये एकामागून एक जोडलेल्या नळ्यांपैकी एक फुटली तर त्या जोडणीतल्या बाकीच्याही विझतात. अण्णांनी या तिन्ही प्रश्नांना होय म्हटलं आणि माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेल्या नळ्या काढून दाखवल्या. दोन अक्षरांमधल्या जोडाच्या भागाला काळा रंग फासलेला होता, म्हणजे तिथला उजेड दिसू नये. लाल अक्षरांची काच स्वच्छ होती, हिरव्या अक्षरांच्या काचेला आतून पांढरट लेप होता. पाटी खरी होती. साल मात्र अजून हाती नव्हतं.

‘हॉटेल’ या शब्दाचाही घोळ

इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्या गावात हॉटेल म्हणजे चहा, भजी, उपीट, मिसळ मिळण्याची जागा. तिथे खाट नसते, बाकडं असतं. जेवायचं असेल तर खानावळ. धाबा हा शब्द ट्रकबरोबर उत्तरेकडून आला. ‘परमिट रूम’ हा शब्द तर एका कायद्यानं दिला. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर दारू पिण्यासाठी परवाना लागायला लागला, आणि परवानाधारकांनी बसण्याची जागा ती परमिट रूम.

हे का सांगते? कारण जुन्या कागदांत तुम्ही ‘रेस्टॉरंट’ शोधाल तर काहीच मिळणार नाही. सोलापूर जिल्ह्याचं 1884 चं गॅझेटियर उघडाल तर त्या मालिकेतल्या इतर खंडांसारख्याच धर्मशाळा आणि बंगले भेटतील, कारण तेव्हा वाटसरूची सोय या नावांनी नोंदली जायची. आपला शब्द आणि कागदाचा शब्द एकच असेल असं कधीही गृहीत धरू नका.

शहरांच्या बाबतीत कहाणी जास्त सोपी असते. मुंबईतल्या क्यानी किंवा पुण्याच्या गुडलक कॅफेवर लोकांनी लिहून ठेवलंय, माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडुपी खानावळीवर लेख आहेत. क्यानी 1904 चं, गुडलक 1935 चं, रामा नायकांचं बोर्डिंग 1942 चं, ही सालं तुम्हाला बसल्याजागी मिळतात. तालुक्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलवर कोणी लेख लिहीत नाही. तिथे आपल्यालाच चिखलात उतरावं लागतं.

कागद कुठे मिळतात

मॅडमच्या प्रश्नानंतर मी ज्या क्रमानं शोधलं, तो तुम्हालाही उपयोगी पडेल.

ग्रामपंचायतीचा नमुना 8. ही कर आकारणीची नोंदवही. घराचा, दुकानाचा मालक कोण, बांधकाम कसलं, कर किती, हे तिच्यात असतं. अकलूज 2021 पर्यंत ग्रामपंचायत होती, त्यानंतर नगरपरिषद झाली. म्हणजे जुन्या काळासाठी ग्रामपंचायतीच्या वह्या शोधायच्या, नगरपरिषदेच्या नव्हे. असं प्रशासन बदललं की दप्तर हलतं, आणि हलताना हरवतं. घाई करा.

बिनशेतीचा आदेश. शेतजमिनीवर हॉटेल उभं राहायचं तर महसूल खात्याची परवानगी लागायची. तिला तारीख असते, नकाशा असतो. सातबारा आणि फेरफाराबरोबर हा आदेश लावून वाचा.

दुकान नोंदणी. 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू झाला, तिथल्या नोंदणीत मालकाचं नाव आणि कामगारांची संख्या सापडू शकते. हॉटेलात किती पोरं कामाला होती हे कळायला याच्यासारखा दुसरा कागद नाही.

विजेचा कागद. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं आणि 2005 मध्ये त्याचं विभाजन होऊन महावितरण आली. घरातल्या ट्रंकेत जुनी बिलं सापडतात. बिलावरचं कंपनीचं नावसुद्धा काळ सांगतं. शिवाय जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांमध्ये गावनिहाय सोयींच्या याद्या असतात, त्यात वीज हा रकाना पाहा.

अण्णांच्या बाबतीत या कागदांनी एक गोष्ट पक्की केली. हॉटेल आधी पत्र्याचं छप्पर होतं, पक्कं बांधकाम आणि व्यापारी वीजजोड फार नंतरचे. म्हणजे पाटी ‘पहिल्यापासून’ असणं शक्यच नव्हतं. पण कागद तिथेच थांबले. पाटी कधी लागली हे कुठल्याच वहीत नव्हतं. पाटीवर कर नव्हता, म्हणून नोंद नव्हती.

साल कसं काढलं

इथून पुढे कामाला आली माणसं आणि फोटो.

अण्णांच्या आई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना सालं आठवत नाहीत, पण दुष्काळ आठवतो. ‘बहात्तरच्या दुष्काळात हितं गॅसबत्ती हुती. खडी फोडायला गेलेली माणसं येताना च्या प्यायची. पाटी? पत्र्याची हुती, पेंटरनं रंगवल्याली.’ म्हणजे 1972 मध्ये नळ्यांची पाटी नाही.

आपल्या भागात तोंडी इतिहास असाच मोजावा लागतो. ‘कोणत्या साली?’ असं विचारलं की माणसं गोंधळतात किंवा आपल्याला खूश करायला काहीतरी आकडा देतात. त्याऐवजी खुंट्या वापरा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. 1972 चा दुष्काळ. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या तो दिवस. ‘तेव्हा पाटी होती का?’ एवढंच विचारा.

मी किल्लारीचं विचारलं, आणि अण्णा लगेच म्हणाले, ‘हुती ना! विसर्जन उरकून आलो, पाटीचं बटण बंद केलं, झोपलो. पहाटं गदागदा हललं.’ एका माणसाची आठवण पुरत नाही, कारण मोठ्या घटनेला लोक नकळत इतर गोष्टीही चिकटवतात. म्हणून हॉटेलच्या जुन्या वस्तादांना मी वेगळं गाठलं. ते आता दुसऱ्या गावी असतात. त्यांना पाटीबद्दल विचारलंच नाही, भूकंपाच्या रात्री कुठे होता एवढंच विचारलं. ते म्हणाले, ‘बाहेर बाकड्यावर झोपलो हुतो. हललं तसं पहिलं बाकडं बाजूला वढलं, वरची काच डोक्यात पडंल म्हणून.’ दोन वेगळ्या तोंडांतून, दोन वेगळ्या कारणांनी, तीच पाटी आली. सप्टेंबर 1993 ला ती होती.

आता दुसरी बाजू. कधीपर्यंत नव्हती?

इथे वारी कामाला आली. तुकोबारायांची पालखी इंदापूरकडून येते, सराटीला पादुकांना नीरास्नान होतं, मग पालखी अकलूजला येते आणि सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण होतं. दरवर्षी, त्याच दिवसांत, त्याच वाटेनं हजारो माणसं जातात आणि घरोघरी फोटो काढले जातात. फोटो पालखीचे, पण मागे दिसतो तो रस्ता! दुकानं, पाट्या, खांब, झाडं. एकाच रस्त्याचे वर्षानुवर्षांचे फोटो कुणी ठरवून काढले नसते, ते वारीनं काढून ठेवलेत. तुमच्या गावात वारी नसेल तर जत्रा असेल, गणपतीची मिरवणूक असेल, लग्नाची वरात असेल. अल्बम मागा, आणि माणसांच्या मागे बघा.

अण्णांच्या पुतणीकडे असा एक फोटो मिळाला. पुढे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मागे हॉटेलची भिंत. भिंतीवर रंगवलेली पत्र्याची पाटी, नळ्या नाहीत. फोटोवर तारीख नाही. पण भिंतीच्या कडेला सिनेमाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. भिंग लावून वाचलं तर ‘माहेरची साडी’. हा चित्रपट 1991 चा. म्हणजे फोटो 1991 च्या आधीचा असूच शकत नाही, आणि त्या फोटोच्या वेळी नळ्या लागलेल्या नव्हत्या.

पोस्टरनं ‘याच्या आधी नाही’ ही मर्यादा दिली, भूकंपानं ‘याच्या नंतर नाही’ ही. पाटी 1991 आणि सप्टेंबर 1993 यांच्या मधली. तीस वर्षांचं धुकं दोन-अडीच वर्षांवर आलं, एकही तारीख लिहिलेला कागद नसताना.

‘याच्या आधी नाही’ सांगणाऱ्या अशा खुणा बऱ्याच असतात. दरफलकावर ‘नवे पैसे’ दिसले तर तो 1 एप्रिल 1957 च्या आधीचा नाही. 1964 नंतर ‘नवे’ गळालं. ‘आणे’ मात्र जपून वापरा, कारण लोकांनी ते दशमान नाणी आल्यावरही सोडले नव्हते. बिलबुकावर पिनकोड छापलेला असेल, अकलूजचा 413101, तर ते बुक 15 ऑगस्ट 1972 नंतरचं, कारण श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही पिनकोडची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. पाटीवर मोबाईल नंबर असेल तर ती 1995 नंतरची. रंगवलेल्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरची सही पाहा. तो पेंटर हयात असेल तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

डाउनीची साठ फुटी पाटी

माझी चूक फक्त माझी नव्हती, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात मॅकडोनाल्डचं आज उभं असलेलं सर्वांत जुनं उपाहारगृह आहे. ते 1953 साली उघडलं. समोर साठ फुटांच्या आसपास उंचीची निऑन पाटी, तिच्यावर ‘स्पीडी’ नावाचा आचाऱ्याच्या वेशातला बाहुला. लोक इमारत आणि पाटी एका दमात ‘1953 ची’ म्हणून मोकळे होतात. पाटी मात्र 1959 ची आहे.

सहा वर्षांचा फरक तो काय, असं वाटेल. पण पाटी मागाहून का लागली हा प्रश्न पडायला आधी तो फरक दिसायला हवा. 1994 च्या भूकंपानंतर ते उपाहारगृह बंद झालं आणि पाडायची वेळ आली, तेव्हा वारसा जपणारी माणसं उभी राहिली. 1996 मध्ये ते पुन्हा उघडलं. त्यांच्याकडे मांडायला कागद, सालं आणि फोटो होते.

हाँगकाँगचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे ‘सॅमीज किचन’ नावाच्या उपाहारगृहाबाहेर निऑनची भलीमोठी गाय रस्त्यावर लटकायची. बांधकामाच्या नियमांमुळे ती 2015 मध्ये उतरवावी लागली. पण ती भंगारात गेली नाही, ‘एम प्लस’ या संग्रहालयानं ती घेतली. पाटी रस्त्यावरून गेली तरी तिच्या नोंदी राहिल्या.

पाटी कोणासाठी?

साल मिळालं, पण साल हा काही इतिहास नाही. प्रश्न असा, की इतकी वर्षं रंगवलेल्या पत्र्यावर भागत होतं, मग नेमकं तेव्हाच काचेच्या नळ्या का?

1991 म्हटलं की आपल्या डोक्यात घंटा वाजते. उदारीकरण! मीही पहिल्या मसुद्यात तसं लिहिलं होतं. मग खोडलं. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. अण्णांच्या हॉटेलपर्यंत दिल्लीचं धोरण कोणत्या वाटेनं पोचलं, हे मला एका वाक्यातही दाखवता येत नव्हतं. दाखवता येत नसेल तर लिहायचं नाही.

त्याऐवजी मी गिऱ्हाइकांकडे पाहिलं. सुरुवातीचं गिऱ्हाईक ओळखीचं होतं: बाजाराला आलेले शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते नगर धावली, आणि पुढच्या काळात गावोगावची हॉटेलं एसटीच्या वेळापत्रकावर जगली. एसटी ठरलेल्या जागी थांबते, तिला पाटी लागत नाही. दुसरं गिऱ्हाईक साखर कारखान्याचं. या भागात 1930 च्या दशकापासून माळीनगरचा सासवड माळी कारखाना आहे, नंतर अकलूजला लागून यशवंतनगरचा सहकारी कारखाना आला. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या चालतात. तेही गिऱ्हाईक वर्षाला परत येणारं, तोंडओळखीचं.

मग पाटी कोणासाठी? अण्णा म्हणाले, ‘रात्रीच्या लांबच्या गाड्यांसाठी. एसटीवालं वळखायचं आमाला. ट्रकवालं, जीपवालं, त्यास्नी काय म्हाईत?’

आजी मध्येच बोलल्या, आणि माझ्या प्रकरणाचा मुद्दा तिथे सापडला. ‘तवा रस्त्याला परमिट रूम झाल्या. रातचं लाल दिवं बघितलं की बायामाणसं उतरंनात. म्हनून हिरवं लावलं. लांबनं कळाय पायजे, हितं पोरीबाळी घेऊन बसता येतंय म्हनून.’

मी इतके दिवस लाल अक्षरांकडे पाहत होते. खरी बातमी खालच्या हिरव्या ओळीत होती. हॉटेलचं नाव वाचणाऱ्याला ते आधीपासून माहीत असावं लागतं. ‘शुद्ध शाकाहारी’ हे अनोळखी माणसाला सांगायचं असतं, तेही अंधारात, धावत्या गाडीतून, आणि त्या गाडीत बसलेल्या बाईला. पत्र्याची पाटी ओळखीच्यांसाठी होती, निऑन अनोळखींसाठी. म्हणून पाटीचं साल महत्त्वाचं. या हॉटेलचं गिऱ्हाईक केव्हा बदललं, ते या सालावरून कळतं. मी सेमिनारमध्ये वाचलं होतं तसं ‘स्थापनेपासून’ धरून चालले असते, तर हा बदल मला दिसलाच नसता.

एक सावधगिरी. एका हॉटेलवरून साऱ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष काढू नका. मी हा मुद्दा गृहीतक म्हणून मांडलाय आणि आता त्याच पट्ट्यातल्या इतर हॉटेलांवर तपासतेय.

जे मोजलं गेलं नाही

आता पाटी रस्त्यावर नाही. रस्ता रुंद झाला, पुढची पडवी गेली, पाटी उतरवली. आपल्या भागात हे सगळीकडे दिसतंय. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज असा येणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करण्याच्या कामाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 ला झाली. रस्ते हवेतच, वारकऱ्यांनाही आणि उसाच्या गाड्यांनाही. पण रुंदीकरणात सर्वांत आधी जातो तो रस्त्याला लागून असलेला पंधरा-वीस फुटांचा पट्टा, आणि माझा सगळा विषय त्याच पट्ट्यात आहे.

गंमत अशी, की हॉटेल पाडणारी हीच प्रक्रिया कागदही तयार करते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1956 च्या कायद्यात कलम 3ए ची अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. मग हरकतींसाठी 21 दिवस, मग 3डी, मग मोबदला ठरवणारं 3जी. गट नंबर, क्षेत्र, बांधकाम यांचा तपशील या कागदांत सापडतो. पुढच्या संशोधकाला ही सोन्याची खाण आहे.

पण अण्णांनी मला त्यांच्याकडची यादी दाखवली. पक्की भिंत, पत्रा, विंधन विहीर, कडुनिंबाचं एक झाड. पाटी नव्हती. ती उचलून नेता येते, म्हणून ती बांधकामात धरत नाहीत. कुणाचीही चूक नाही. फक्त उद्या कोणी कागदांवरूनच या हॉटेलचा इतिहास लिहिला, तर त्यात कडुनिंब असेल आणि हिरवी ओळ नसेल.

नळ्या परत गोणपाटात गुंडाळताना मी अण्णांना विचारलं, ‘एकदा लावून बघायची का?’ ते म्हणाले, ‘ट्रान्सफॉर्मर जळालाय. आन आता लावली तर पोरं म्हणत्यात एलईडी लावा, बिल कमी येतं.’ मी नळ्यांचे फोटो काढले, प्रत्येक तुकड्याशेजारी मोजपट्टी ठेवून. वस्तू मागितली नाही. ती त्यांची आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करून पाहा. तुमच्या गावाच्या रस्त्यावरची एक जुनी पाटी निवडा, हॉटेलची, सलूनची, सायकल दुकानाची, कुठलीही. दिवसा एक आणि रात्री एक फोटो काढा. मग तीन ओळी लिहा: ही कशाची बनलीय, कोणत्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही, आणि कोणी वाचावी म्हणून लावलीय. पहिल्या दोन ओळींना प्रत्येकी एक पुरावा द्या. तिसरीसाठी मालकाला विचारा, आणि मालकाच्या आईलाही विचारा.

2022 च्या दुरुस्तीनंतर सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झालीय, आणि ती अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे बऱ्याच जुन्या पाट्या उतरताहेत. फोटो काढायचा असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत काढा.

पुढच्या लेखात नमुना 8 ची वही कशी वाचायची ते सांगते, जुन्या मोडी नोंदी आल्या तर काय करायचं त्यासकट. शंका असतील तर नक्की विचारा.